पोटाचा हर्निया : दुर्बिणीने की चिरा देऊन? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हर्नियाचा पेशंट खुर्चीत नीट टेकायच्या आधीच सोबत आलेला मुलगा किंवा जावई विचारतो, "डॉक्टर, दुर्बिणीने होईल ना?" या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही आणि ओपीडीत दहा मिनिटं सलग बोलायला मिळत नाही, म्हणून हे लिहून ठेवलं आहे. इथे फक्त पोटाच्या समोरच्या भिंतीतल्या हर्नियाबद्दल आहे: बेंबीतला, बेंबीच्या वरचा आणि जुन्या ऑपरेशनच्या व्रणातून आलेला. जांघेतल्या हर्नियाचं गणित वेगळं आहे. तो इथे आलाच तर ओझरता.

हर्निया म्हणजे नेमकं काय? गोळ्यांनी गाठ विरत नाही का?

ती गाठ नसतेच. पोटाच्या भिंतीला भोक पडलेलं असतं आणि त्यातून आतली चरबी किंवा आतडं कातडीखाली येतं. उभं राहिलं, खोकलं की फुगतं. आडवं झालं की आत जातं. भोकाला गोळी नाही, लेप नाही, मालिश तर अजिबात नाही. पट्टा बांधला की आधार वाटतो, पण भोक तेवढंच राहतं. पाठ्यपुस्तकात याला अंतर्गळ म्हणतात. मी आजवर एकाही पेशंटच्या तोंडून हा शब्द ऐकलेला नाही.

बाळंतपणानंतर पोटाच्या मधोमध उभा उंचवटा येतो, तो बऱ्याचदा हर्निया नसतो. दोन्ही बाजूंचे स्नायू फाकलेले असतात, पण भोक नसतं. त्याला व्यायाम आधी, ऑपरेशन क्वचित.

ऑपरेशन लगेच करावंच लागतं का?

दुखत नसेल, सहज आत जात असेल, तर घाई नाही. साखर, वजन, खोकला ताब्यात आणायला मिळालेला वेळ म्हणून त्याकडे बघा. मात्र हर्निया आपणहून लहान होत नाही, आणि भोक जितकं रुंदावेल तितकं ऑपरेशन अवघड होत जातं.

थांबायचं नाही ते अशा वेळी: फुगवटा आत जाईनासा झाला, कडक झाला, दुखायला लागला, वरची कातडी लाल-जांभळी झाली, उलट्या सुरू झाल्या, वात सरणं बंद झालं. आतडं अडकून त्याचा रक्तपुरवठा तुटतोय अशी ती खूण असते. मग दुर्बीण की चिरा हा विचार घरी करत बसू नका. काही तासांत सर्जनपर्यंत पोचा, आणि वाटेत काही खाऊ-पिऊ घालू नका.

दोन पद्धतींत फरक काय असतो?

चिरा देऊन करताना हर्नियाच्या वरूनच कातडी उघडतात. बाहेर आलेलं आतडं-चरबी आत ढकलून भोक शिवतात आणि बहुतेक वेळा जाळी, म्हणजे भिंतीला आधार देणारं कृत्रिम धाग्यांचं जाळीदार कापड, बसवतात. दुर्बिणीने करताना हर्नियापासून लांब, पोटाच्या कडेला, अर्धा ते सव्वा सेंटीमीटरची तीन-चार छिद्रं पाडतात. कार्बन डायऑक्साइड भरून पोट फुगवतात, एका छिद्रातून कॅमेरा घालतात आणि भोकाकडे आतल्या बाजूने बघतात. व्रणातल्या हर्नियाचं असं ऑपरेशन अमेरिकेतल्या कार्ल लेब्लँक यांनी १९९३ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध केलं. म्हणजे ही काही कालपरवाची फॅशन नाही.

पण मला महत्त्वाचा वाटणारा फरक छिद्रांच्या संख्येत नाही. जाळी कुठल्या थरात बसते, त्यात आहे.

जाळी चार ठिकाणी बसू शकते: कातडीखालच्या चरबीत स्नायूच्या वर, स्नायूच्या मागे, पोटाच्या अगदी आतल्या पातळ पडद्याच्या बाहेर, किंवा पोटाच्या पोकळीत आतड्यासमोर. टायर फाटला की पंक्चरवाला आतून गेटर बसवतो, आठवतंय? हवेचा दाब गेटरला टायरवर दाबून धरतो. बाहेरून चिकटवलेला तुकडा तोच दाब उखडून टाकतो. मागे बसवलेल्या जाळीचंही तसंच: पोटातला दाबच तिला जागेवर धरतो.

दुर्बिणीची जुनी, सोपी पद्धत जाळी पोकळीत, आतड्यासमोर ठेवते. साधी पॉलिप्रॉपिलीनची जाळी तिथे ठेवली तर आतडं तिला चिकटतं, म्हणून एका बाजूने न चिकटणारा थर दिलेली जाळी लागते. तिची किंमत साध्या जाळीच्या कितीतरी पट. उघड्या शस्त्रक्रियेत स्नायूच्या मागे साधी जाळी चालते. फ्रान्सच्या रीव्ह आणि स्तोपा यांनी रूढ केलेली ही पद्धत आजही भक्कम मानली जाते. गेल्या काही वर्षांत दुर्बिणीनेही स्नायूच्या मागे शिरून तिथे साधी जाळी बसवता येते. चांगली पद्धत आहे, पण वेळ जास्त लागतो आणि हात बसलेला सर्जन लागतो.

मग दोन्हींत चांगली कोणती?

पुरावा काय सांगतो ते आधी. कॉक्रेन ही संस्था एकाच प्रश्नावरच्या चाचण्या एकत्र करून तपासते. तिच्या २०११ च्या आढाव्यात १० चाचण्या आणि ८८० पेशंट एकत्र तपासले होते. जखम पिकण्याचं प्रमाण दुर्बिणीत उघड्या पद्धतीच्या साधारण पावपट निघालं. हॉस्पिटलातला मुक्काम बहुतेक चाचण्यांत कमी झाला. हर्निया परत होण्याच्या प्रमाणात ठोस फरक दिसला नाही, मात्र निम्म्या चाचण्यांनी पेशंटना दोन वर्षंसुद्धा पाहिलेलं नव्हतं. आतड्याला इजा होणं दोन्हीकडे दुर्मीळ होतं, दुर्बिणीकडे किंचित जास्त.

लांब पल्ल्याचं चित्र डेन्मार्कच्या नोंदींत दिसतं. तिथे व्रणाच्या हर्नियाच्या ३,२४२ पेशंटना पाच वर्षं पाहिलं गेलं. परत झाला म्हणून पुन्हा ऑपरेशन करावं लागलं ते असं: दुर्बिणीने जाळी बसवलेल्यांत १०.६ टक्के, चिरा देऊन जाळी बसवलेल्यांत १२.३ टक्के, आणि जाळीच न घातलेल्यांत १७.१ टक्के. पहिल्या दोन आकड्यांतलं अंतर बघा आणि तिसऱ्याचं बघा. लोक भांडतात पहिल्या दोनवर.

"दुर्बिणीने केलं की परत होत नाही" हे वाक्य म्हणूनच चूक आहे. दुर्बीण तुम्हाला जखमेच्या त्रासापासून वाचवते, हे मात्र खरं. वजन जास्त असेल, साखर असेल, तर ही बचत फार मोलाची असते, कारण अशा पोटावरचा लांब चिराच आधी पिकतो. लठ्ठ पेशंटला मी दुर्बिणीचा आग्रह करतो तो यासाठी. व्रण बारीक दिसतो म्हणून नव्हे.

माझा बेंबीचा हर्निया बोराएवढा आहे. दुर्बिणीने करून घेऊ?

बहुधा नको. हिशेब करा. भोक दीड सेंटीमीटरचं. बेंबीच्या खालच्या घडीत तीन सेंटीमीटरचा चिरा पुरतो, आणि तो नंतर शोधूनही सापडत नाही. दुर्बिणीला एक मोठं छिद्र, दोन लहान, पूर्ण भूल, महागडी जाळी. पोटाच्या पोकळीत शिरायचं कारणच नसताना शिरायचं. लहान हर्नियाला चिरा हीच खरी छोटी शस्त्रक्रिया आहे, हे पटवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

याला अपवाद आहेत. पेशंट खूप लठ्ठ असेल, बेंबीच्या वर आणखी एक-दोन भोकं सापडली असतील, किंवा दोन्ही बाजूंचे स्नायू फाकलेले असतील, तर मी दुर्बिणीचा विचार करतो.

जाळी घालायलाच हवी का? अंगात परकी वस्तू नको वाटते.

नेदरलँड्समधल्या एका चाचणीचा निकाल २००० साली आला. सहा सेंटीमीटरपर्यंतच्या व्रणाच्या हर्नियात तीन वर्षांनी परत होण्याचं प्रमाण नुसते टाके घातलेल्यांत ४३ टक्के, तर जाळीवाल्यांत २४ टक्के होतं. त्याच पेशंटना दहा वर्षांनी पाहिलं तेव्हा आकडे ६३ आणि ३२ झाले होते. बेंबीच्या एक ते चार सेंटीमीटरच्या हर्नियावर २०१८ साली आलेल्या चाचणीत टाक्यांनंतर १२ टक्के आणि जाळीनंतर ४ टक्के परत झाले. एक सेंटीमीटरच्या आतलं भोक असेल तर टाके पुरतात, त्यापुढे जाळी.

जाळीचे तोटेही आहेत. क्वचित ती पिकते, आणि पिकलेली जाळी काढणं पेशंट आणि सर्जन दोघांची परीक्षा बघतं. डेन्मार्कच्या त्याच अभ्यासात जाळीमुळे पुढे ऑपरेशन करावं लागणारी गुंतागुंत उघड्या पद्धतीत ५.६ टक्के आणि दुर्बिणीत ३.७ टक्के होती.

"पुण्यात बिनजाळीचं ऑपरेशन निघालंय म्हणे" असंही विचारतात. ती पुण्याच्या डॉ. मोहन देसरडा यांची पद्धत, पण ती जांघेतल्या हर्नियाची आहे. तिथल्याच पडद्याची पट्टी वापरून ती भिंत भक्कम करते. बेंबीला किंवा व्रणाला ती लागू होत नाही.

जाळीचा विषय निघाला की मला दोंडाईचा आठवतं. धुळे जिल्ह्यातल्या या गावात डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून हर्नियाची जाळी म्हणून वापरलं. विकतची जाळी परवडत नव्हती अशा पेशंटसाठी. २००३ मध्ये त्यांनी त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे युगांडात अशाच स्वस्त जाळीची विकतच्या जाळीशी रीतसर तुलना झाली. जांघेचा हर्निया असलेल्या पुरुषांमधली ही चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली आणि वर्षभरानंतर दोन्ही गटांत सांगण्यासारखा फरक दिसला नाही. ही जाळी आतड्याला लागून ठेवण्यासाठी नाही, त्यामुळे पोकळीत जाळी ठेवणाऱ्या दुर्बिणीच्या पद्धतीत ती चालत नाही. पण "महाग तेच चांगलं" असं कुणी म्हणालं की मी दोंडाईच्याचं नाव घेतो.

जाळी एवढी मोठी का? भोक तर तीनच सेंटीमीटरचं होतं.

कारण भोकाच्या चहूबाजूंनी ती पसरावी लागते. दुर्बिणीने करताना प्रत्येक बाजूला निदान पाच सेंटीमीटर असा दंडक आहे. म्हणजे तीनच्या भोकाला तेरा सेंटीमीटरची जाळी. सर्जनने बिल वाढवलं असा अर्थ काढू नका. छोटी जाळी बसवली की कडेनं हर्निया परत येतो.

दोन सिझेरियन आणि अपेंडिक्सचं ऑपरेशन झालंय. आता दुर्बीण चालेल?

चालू शकते, पण इथे खरी जोखीम सुरू होते. प्रत्येक ऑपरेशननंतर आतडी भिंतीला आणि एकमेकांना थोडीफार चिकटतात. ती सोडवताना आतड्याला भोक पडू शकतं. उघड्या पद्धतीतही पडतं, पण समोर दिसतं आणि तिथल्या तिथे शिवता येतं. दुर्बिणीत ते कधीकधी लक्षात येत नाही. मग पेशंट दोन-तीन दिवसांनी ताप, वाढती पोटदुखी आणि जोरात चालणारी नाडी घेऊन पडतो. हे क्वचित घडतं, पण घडलं तर जिवावर बेततं. ऑपरेशननंतर दुखणं रोज थोडं कमी व्हायला हवं. वाढत असेल तर गॅस झाला असेल म्हणून सोडा पिऊन थांबू नका.

आतडी फारच चिकटलेली दिसली तर शहाणा सर्जन दुर्बीण बाजूला ठेवून चिरा देतो. त्याला अपयश समजू नका. संमतिपत्रात ही शक्यता लिहिलेली असते. सही करण्याआधी ती ओळ मोठ्याने वाचायला लावा, आणि घरच्यांनाही ऐकवा, नाहीतर बाहेर आल्यावर "दुर्बिणीचं ठरलं होतं ना?" यावरून भांडण होतं.

माझं पोट अर्धंअधिक हर्नियातच आहे. दुर्बिणीने होईल का?

भोकाची रुंदी दहा सेंटीमीटरच्या पुढे गेली की युरोपच्या वर्गवारीत तो सर्वांत मोठ्या गटात जातो. तिथे सहसा चिराच. स्नायूंचे थर एकमेकांपासून सोडवून मधे ओढून आणावे लागतात. वर्षानुवर्षं बाहेर राहिलेली आतडी आत घातली की श्वासावर ताण येतो, म्हणून आधी सीटी स्कॅन, फुप्फुसाची तपासणी, काही वेळा काही आठवड्यांची पूर्वतयारी. असं ऑपरेशन रोज करणाऱ्या जागीच करून घ्या. चार ते दहा सेंटीमीटरमधल्यांबाबत मात्र खरा वाद आहे, आणि तिथे सर्जनचा हात कशात बसलाय यावर बरंच ठरतं.

भूल कोणती देतात?

दुर्बिणीला पूर्ण भूल, कारण फुगवलेल्या पोटाने जागेपणी श्वास घेणं जड जातं. लहान बेंबीच्या हर्नियाला जागा बधिर करून किंवा पाठीत इंजेक्शन देऊनही भागतं. हृदय किंवा फुप्फुस कमकुवत असेल तर कधीकधी एवढ्या एका कारणानेच चिरा ठरतो. हा निर्णय भूलतज्ज्ञाचा, त्यात मी मधे पडत नाही.

दुर्बिणीने दुखत नाही, हे खरं का?

कमी दुखेलच असं नाही. जाळी आतून बारीक स्क्रूसारख्या पिनांनी किंवा आरपार टाक्यांनी बसवली असेल तर त्या जागा काही दिवस चांगल्याच ठसठसतात. शिवाय खांदा दुखतो. पेशंट घाबरतात, "पोटाचं केलं, खांदा का?" पोटात भरलेल्या वायूने पोट आणि छाती यांमधला पडदा चिडतो आणि त्या पडद्याचं दुखणं खांद्यात जाणवतं. एक-दोन दिवसांत थांबतं.

कामावर कधी जाऊ?

चालायला त्याच संध्याकाळी. टेबलावरचं काम लहान हर्नियानंतर आठवड्यात, मोठ्यानंतर दोन-तीन आठवड्यांत. उसाची मोळी, पाण्याचा हंडा, सिमेंटची गोणी, गॅस सिलिंडर, हे सगळं मी चार ते सहा आठवडे बंद ठेवतो, मोठ्या हर्नियात त्याहून जास्त. दुचाकी अचानक ब्रेक दाबताना पोटात कळ येत नसेल तेव्हा. देशी संडासावर बसायला हरकत नाही, कुंथायला आहे. आणि हो, चिरा असो वा छिद्रं, आतली जाळी अंगात रुजायला तेवढाच वेळ घेते. बाहेरचा व्रण छोटा म्हणून दुर्बिणीवाला पेशंट आठव्या दिवशी पोती उचलतो, अशा पेशंटची मला जास्त काळजी वाटते.

ऑपरेशन झालं, पण फुगवटा परत दिसतोय!

पहिल्या काही आठवड्यांत तो बहुधा पाण्याचा असतो. हर्नियाची रिकामी झालेली पिशवी तिथेच राहते, तिच्यात पाणी साठतं. दुर्बिणीनंतर हे जास्त दिसतं. बहुतेकांचं दीड-दोन महिन्यांत जिरतं. उगाच सुई घालून काढू नये, त्याने जंतू आत जातात. लाल झालं, ताप आला तर मात्र दाखवायला या.

तंबाखूचा हर्नियाशी काय संबंध?

पद्धतीच्या निवडीपेक्षाही मोठा. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, जखमेला रक्त पोचत नाही, टाके धरत नाहीत. निदान चार ते सहा आठवडे आधी बंद. विडी-सिगारेट एवढंच इथे धरू नका. "तंबाखू खाता का?" विचारलं की आजी ठामपणे नाही म्हणतात. "मिश्री लावता का?" विचारलं की पदराआड हसतात. मिश्री, गुटखा, चुना-तंबाखू, सगळं त्यात आलं.

साखरेचं तसंच. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी चाचणी आठच्या आत आल्याशिवाय मी तारीख देत नाही. तारीख पुढे ढकलली की लोक दुसरीकडे जातात, हे माहीत असूनही. जुना खोकला, बद्धकोष्ठता, पौरुषग्रंथीमुळे लघवीला जोर लागणं, हे आधी निस्तरा. दिवसातून पन्नास वेळा पोटात जोर लागत असेल तर कुठली जाळी टिकणार?

पुढे मूल हवं असेल तर?

त्रास नसेल तर बाळंतपण होऊ द्या, मग करू. गरोदरपणात पोट ताणलं की दुरुस्ती सैल पडू शकते.

खर्च कुठे वाढतो? योजनेत होतं का?

दुर्बिणीत पैसा जाळी, पिना आणि पूर्ण भूल यांत जातो. चिऱ्याचं बिल कमी दिसतं, पण जखम पिकली आणि महिनाभर ड्रेसिंगला एसटीने खेपा घालाव्या लागल्या तर तो हिशेब उलटतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ठरलेल्या रुग्णालयांत ठरलेल्या शस्त्रक्रियांची यादी असते. तुमच्या हर्नियाला आणि त्या पद्धतीला मंजुरी आहे का, हे तिथल्या आरोग्यमित्राकडून भरती होण्याआधी समजून घ्या. खासगी विमा असेल तर पॉलिसीतली प्रतीक्षेची मुदत बघा. हर्नियाला ती सहसा दोन वर्षांची असते.

रोबोटने करून घेऊ का?

अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोबोट आणि साधी दुर्बीण यांची तुलना झाली. मुक्कामात फरक पडला नाही, ऑपरेशनचा वेळ जवळजवळ दुप्पट झाला आणि खर्च वाढला. सर्जनला टाके घालायला सोपं जातं हे खरं. त्यासाठी शेत विकू नका.

सर्जनला काय विचारू?

भोक किती सेंटीमीटरचं आहे? जाळी कुठल्या थरात बसवणार आणि कोणत्या प्रकारची? तुम्ही हे कोणत्या पद्धतीने जास्त केलं आहे? मधेच चिरा द्यावा लागला तर खर्च किती बदलेल? चिडला तरी विचारा.

येताना जुन्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड आणा. ओलं झालेलं, फाटलेलं, कसंही चालेल. आधी जाळी बसवली होती का आणि कुठे, हे त्या कागदावर असतं. सोनोग्राफीत ते नेहमी कळत नाही. आणि ऑपरेशनच्या दिवशी घरून एक जाड उशी घेऊन या: खोकला आला, शिंक आली, की ती पोटावर दोन्ही हातांनी घट्ट धरायची.